हजार किलोमीटर पुरतील एवढी भांडणं

आमच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. मोटार रिवायंडिंग करताना तांब्याच्या तारेचे जे तुकडे उरतात, ते त्यात पडतात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कात्रीनं तार तोडली की तुकडा तिकडं फेकायचा, एवढंच. एक दिवस डबा उचलायला जावं तर तो हलत नाही. आमच्या मोटारसायकलवाल्या ग्रुपचे किस्से असेच साठलेत. परवा पुतणीच्या साखरपुड्यात एक सांगायला बसले, तर जेवणाच्या तीन पंगती उठल्या तरी मी आपली बोलतेच आहे. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "शिवकांता, लिहून तरी ठेव गं, म्हणजे आमची सुटका होईल." माझी शाळा चौथीपर्यंत. पण शिव्या सोडून बाकी सगळं मला लिहिता येतं.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको.

अहमदपूरला नांदेड-लातूर रस्त्यावर आमचं रिवायंडिंगचं दुकान. बोअरच्या, विहिरीच्या जळलेल्या मोटारी आमच्याकडं येतात. मालक, म्हणजे माझे मिस्टर वैजनाथअप्पा, मोटार उघडतात आणि आतली तारेची कॉइल मी भरते. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी लई काम आलं. पाणी खाली गेलं, लोक कोरड्या बोअरमध्ये मोटारी चालवायचे, मोटारी जळायच्या. दुसऱ्या वर्षी बोअरच आटले, मग मोटार जाळायलासुद्धा कुणी येईना. दुकान उघडायचं, झाडायचं आणि रस्त्यावरचे टँकर बघत बसायचं.

असं बसलेलं असताना लोंढे सर आले. नांदेडला हायस्कुलात खेळाचे मास्तर. गळ्यात कायम शिट्टी आणि स्टॉपवॉच, लग्नात गेले तरी. ते म्हणाले, "अप्पा, चोवीस तासांत हजार किलोमीटर. मोटारसायकलवर. जोडीनं. येता का?"

मालक म्हणाले, "कशासाठी?"

सर म्हणाले, "कशासाठीच नाही."

मी आत कॉइल भरत होते. माझे हात तिथंच थांबले. माझं वय त्या वेळी शेहेचाळीस. तोवर मी घराबाहेर गेले ती लग्नाला, मौतीला नाहीतर दवाखान्याला. कशासाठीच नाही असं मी आयुष्यात कुठं गेले नव्हते. मी बाहेर आले आणि सांगितलं, "आम्ही येणार."

मालक माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना जायचं होतं, ते दिसत होतं. पण एकट्यानं.

*

ग्रुपमध्ये आम्ही दोघं, लोंढे सर, उदगीरचे दातांचे डॉक्टर, त्यांच्या मागं बसणारी त्यांची मॅडम आणि आमच्या शेजारचे सीटकव्हरवाले रफिकभाई. बैठक आमच्या दुकानात, कारण अहमदपूर सगळ्यांना मध्ये पडतं.

पहिल्या बैठकीत रस्ता ठरायचा होता. तीन तास भांडण झालं ते जॅकेटवर पाठीमागं काय लिहायचं यावर. त्या वेळी सगळीकडं एकच विषय, नवा जिल्हा होणार. डॉक्टर म्हणाले, "उदगीर जिल्हा लिहा, आज ना उद्या होणारच आहे." आमच्या मालकांचं म्हणणं, अहमदपूर उदगीरमध्ये जाणार नाही. झालाच तर अहमदपूरच जिल्हा होईल. बाजारात दोन दुकानांच्या पाट्यांवर 'नियोजित जिल्हा' असं लिहूनसुद्धा झालंय. सर नांदेडचे, ते म्हणाले, "आहे तो लातूर जिल्हा लिहा आणि मोकळे व्हा."

मी म्हणलं, "बोअरला पाणी न्हाई अन् जिल्ह्याला जोर आलाय."

माझं कुणी ऐकलं नाही. रफिकभाई मात्र उठून गेले. अर्ध्या तासानं एक जॅकेट घेऊन आले. पाठीवर ग्रुपचं नाव शिवलेलं आणि खाली रिकाम्या जागेत वेलक्रोची पट्टी. हातात कापडाचे तीन तुकडे: लातूर, उदगीर, अहमदपूर.

"सरकार जो बोलेगा वो चिपका लेना," ते म्हणाले. "तब तक नक्को झगडा."

पहिल्याच सरावाला डॉक्टरांनी उदगीर चिकटवलं. चहाला थांबलो तेव्हा ते हात धुवायला वळले आणि मालकांनी त्यांच्या पाठीवर अहमदपूर चिकटवलं. उदगीरच्या चौकातून डॉक्टर तसेच घरी गेले. चार पेशंट त्या आठवड्यात दुसऱ्या दवाखान्यात गेले म्हणतात.

*

सरांनी फॉर्म आणले. मागं बसणाऱ्याचा फॉर्म वेगळा. नाव, वय, रक्तगट, आणि मग 'लांबच्या प्रवासाचा मोटारसायकलवरचा अनुभव'.

सर फार सभ्य माणूस. पेन उघडून हळूच म्हणाले, "काकू, राग मानू नका. पण हजार किलोमीटर बसणं म्हणजे खेळ नाही. पाठ धरते, पाय सुजतात. तुमचा अनुभव किती लिहू?"

मालक लगेच, "तेच म्हणून राहिलो मी. उगं दमशील तू."

मी म्हणलं, "सर, लिहून घ्या. आमचं शेत सहा किलोमीटरवर हाय. तिथल्या विहिरीच्या तळाला तेवढं पाणी हाय. रोज सकाळी एक चक्कर, सांजच्याला एक चक्कर. मी मागं, मांडीवर एक डबा, दोन्ही हाताला एक-एक कॅन. गाडी धरायला हात न्हाई. रस्ता कसला, तुम्ही बघितलाय. चार महिने झाले. टोपण न्हाई डब्याला."

सर म्हणाले, "टोपण नाही?"

"टोपण असतं तर सांडलं न सांडलं कसं कळलं असतं?"

सरांनी फॉर्म पुढं ओढला. मग त्यांनी लिहिलं, 'भरपूर'.

पण खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ त्यांनी घातली. ती मी उलट्या बाजूनं वाचली. 'चाचणी पूर्ण केली तरच.'

चाचणी म्हणजे नांदेडहून निघायचं, अहमदपूर, लातूर, औसा करत किल्लारीला जायचं आणि त्याच रस्त्यानं परत नांदेड. पहाटे पाचला निघून दुपारी तीनच्या आत. जी जोडी वेळेत येईल ती मोठ्या राईडला जोडीनं जाईल. जी येणार नाही, तिच्यातला गडी एकटा जाईल आणि बाई घरी राहील.

*

रफिकभाईंनी सीट बनवायला घेतली. ते म्हणाले, लांबच्या रस्त्याला बाजारातली सीट चालत नाही, माणसाच्या बैठकीचं माप घ्यावं लागतं. पण माझं माप कसं घ्यायचं, या विचारानं त्यांना चार दिवस झोप लागली नाही. शेवटी त्यांनी सोयाबीनच्या भुशाचं पोतं दुकानात आणून ठेवलं.

"भाभी, इसपे बैठो. मैं उधर देखता."

मी पोत्यावर बसले. रफिकभाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"रफिकभाई, उठू का?"

"थोडा रुको भाभी, बैठक जमने दो."

तेवढ्यात तहसील कचेरीतले एक साहेब सीटकव्हर बघायला आले. मी पोत्यावर आणि दुकानदार कॅलेंडरकडं तोंड करून. साहेबांनी विचारलं, "काय चाललंय?"

रफिकभाई न वळता म्हणाले, "नापतोल चालू है."

सीट मात्र झकास झाली. माझ्या बाजूला एवढी रुंद की मालकांना पुढं वीतभर जागा उरली. मालक कुरकुरले तर रफिकभाई म्हणतात, "अप्पा, आपको तो हँडल है पकडने कू. भाभी के पास क्या है?"

*

आम्ही शरण, म्हणजे लिंगायत माणसं, गळ्यात लिंग आहे. लिंगपूजा झाल्याशिवाय माझ्या तोंडात चहाचा घोट जात नाही. सरांच्या वेळेच्या तक्त्यात लिहिलेलं, पहिला थांबा चाकूरच्या पुढं पेट्रोल पंपावर, सात मिनिटं. ते म्हणाले, "काकू, पूजा घरून करून निघता येणार नाही का?"

मी म्हणलं, "येईल की. पण मग चहा बी घरूनच पिऊन निघावा लागंल. तुम्ही करा बंद चहा."

सर चहावाले. त्यांनी थांबा तसाच ठेवला.

पहिल्या सरावाला पंपावर गाडी लागली. मी हेल्मेट काढलं, हातपाय धुतले, तांब्यातल्या दोन पळ्या पाण्यात भागवलं, गाडीच्या सीटवर बसले. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, डोळे मिटले. डोळे उघडले तर समोर सर स्टॉपवॉच हातात घेऊन उभे.

दुसऱ्या दिवशी नवा तक्ता आला. त्यात छापलं होतं:

'काकूंची पूजा: ३ मिनिटं. डॉक्टरांनी हेल्मेट काढून केस विंचरणं व फोटो: ९ मिनिटं.'

डॉक्टर चिडले. मी त्यांना म्हणलं, "डॉक्टर, तुम्ही बी डोळे मिटून करत जा, लवकर होईल."

*

वजनाची चाचणी झाली तो किस्सा सांगताना मालक आजही माझ्याकडं बोट दाखवतात, पण कॅनची टोपणं आधी त्यांनीच उघडली होती.

सर म्हणाले, मोठ्या राईडला जेवढं सामान असेल तेवढं वजन लावून शंभर किलोमीटर चालवा, गाडी कशी वळते ते कळेल. आमच्याकडं वजन म्हणजे काय, तर पाण्याचे कॅन. पहाटे विहिरीवरून भरून आणलेले चार कॅन दोन बाजूंना बांधले आणि निघालो. शिरूर ताजबंदच्या पुढं एका फाट्यावर मालकांनी दोरी बघायला गाडी थांबवली.

फाट्यावर बाया टँकरची वाट बघत बसलेल्या. घागरींची रांग पार बाभळीपर्यंत. आमची गाडी थांबली तशी पहिल्या घागरीची बाई उठली आणि घागर घेऊन आमच्यापुढं येऊन उभी राहिली. तिच्या मागं दुसरी. तिच्या मागं रांगच हलली.

मालक माझ्याकडं बघतात, मी मालकांकडं. आता त्या बाईला काय सांगू, की हे पाणी वजनासाठी आहे?

संध्याकाळी सर दुकानावर आले. "अप्पा, लोड लावून गाडी कशी चालली?"

मालक म्हणाले, "जाताना जड चालली. येताना हलकी."

"लोड कुठं गेला?"

"फाट्यावर पिला लोकांनी."

पुढच्या सरावाला सरांनी स्वतः वाळूची पोती पाठवली. वर चिठ्ठी, 'ही कुणी पिणार नाही.'

*

आता खरा घोळ सांगते. मालकांना झोप लागते.

रात्री सगळ्यांनाच लागते. मालकांना मोटार चांगली चालली की लागते. पंचवीस वर्षांची सवय आहे. मोटार दुरुस्त झाली की ती टेस्टला लावतात, वर हात ठेवून बसतात आणि आवाज ऐकतात. आवाज एकसारखा आला की काम पक्कं. काम पक्कं झालं की मान खाली. मोटारीवर हात ठेवून ते तासतास झोपतात. आवाजात जरा खरखर आली की जागे. गिऱ्हाईकांना हे माहीत आहे. अप्पा झोपले म्हणजे मोटार चांगली झाली, असं समजून लोक मोटार उचलून नेतात.

त्यांनी काय करावं? हजार किलोमीटर जायचंय म्हणून आमची गाडी महिनाभर उघडून ठेवली. एकेक नट, एकेक बेअरिंग बघितलं. वॉशर बदलले, इंजिन असं लावलं की आवाज नुसता घूं घूं, एका सुरात. सगळे म्हणाले, "अप्पा, काय गाडी केलीय." आणि लातूरच्या अलीकडं, सरळ रस्त्यावर, भर दुपारी माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटला लागलं, कारण त्यांची मान मागं आली होती.

हसू नका. त्या दिवशी समोरून ट्रक असता तर हे लिहायला मी नसते.

मी घरी आले आणि कुणाला न सांगता चेनकव्हरचा एक नट ढिला केला. आता खडखड होईल, मालक जागे राहतील. झालंच तसं. खडखड झाली, मालक जागे झाले, त्यांनी गाडी उभी केली, पाना काढला आणि नट आवळला. मी दुसऱ्या दिवशी मडगार्डचा ढिला केला. तोही आवळला. आठवडाभर हाच धंदा. मी रात्री ढिला करायची, ते रस्त्यावर आवळायचे. शेवटी म्हणाले, "शिवकांता, ही गाडी भूतबाधेची हाय का काय?"

डॉक्टर म्हणाले, तोंडात लवंग ठेवा. ठेवली. लवंग चावत झोपले.

*

मग भांडणाचा शोध लागला, तो अपघातानं.

एका सरावाला चाकूरच्या पुढं त्यांची मान हलायला लागली, तशी मी हेल्मेटवर टकटक केलं आणि ओरडून म्हणलं, "माझ्या सासूबाईचा पितळी हंडा तुमच्या बहिणीनं नेला, तेव्हा तुम्ही गप का बसलात?"

मान ताठ. "तिनं न्हाई नेला. आईनंच दिला तिला."

"आईनं दिला तेव्हा आई बोलत बी नव्हती."

"इशारा केला होता."

"हंड्याकडं केला होता का पाण्याकडं?"

लातूर आलं तेव्हा कळलं, पस्तीस किलोमीटर झाले, मालक एकदाही डुलले नव्हते.

मी सरांना सांगितलं. सरांनी ते तक्त्यात घेतलं, खोटं सांगत नाही. मला म्हणाले, "काकू, विषय किती आहेत?" मी म्हणलं, "सव्वीस वर्षांच्या संसाराचे हायत, तुम्हीच अंदाज करा." आम्ही दोघांनी बसून वाटणी केली. नांदेड ते लोहा, मला लग्नात नवी म्हणून नेसवलेली आत्याबाईंची जुनी साडी. लोहा ते अहमदपूर, लेकीच्या नावाचा वाद. अहमदपूर ते लातूर, हंडा. लातूर ते औसा, दुकानाची पाटी. अर्धं काम मी करते आणि पाटीवर नाव एकट्या वैजनाथचं.

रफिकभाई तक्ता बघून म्हणाले, "हमारे घर में तो ये एक ही दिन में खतम हो जाता."

पण यात एक चूक झाली आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही.

घरी भांडण झालं की मालक उठून दुकानात जातात. दुकानात झालं की घरी जातात. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळं आमचं एकही भांडण कधी शेवटाला गेलं नव्हतं, सगळी जशीच्या तशी होती. गाडीवर उठून कुठं जातील? बसून ऐकावं लागलं. ऐकलं की उत्तर द्यावं लागलं. उत्तर दिलं की त्यावर मी बोलले. आणि भांडणं संपायला लागली.

साडीचं पहिल्यांदा संपलं. म्हणाले, "हाव, साडी आत्याची होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. लाज वाटली म्हणून बोललो न्हाई." झालं. त्यावर काय भांडायचं?

मग लेकीचं नाव मिटलं. पुढच्या सरावात पाटी मिटली. एक दिवस दुकानावर येऊन बघते तर पेंटर शिडीवर चढलेला आणि पाटीवर माझं नाव अर्धं झालेलं. कुठल्याही बाईला आनंद झाला असता. मला घाम फुटला. लातूर ते औसा आता काय बोलू?

हंडा तर नणंद स्वतः येऊन ठेवून गेली. मालकांनी फोन केला होता म्हणे. मी दारात उभी राहून हंड्याकडं बघत होते आणि मनात हिशेब करत होते, की आता अहमदपूर ते लातूर रिकामं पडलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ एकच मोठं भांडण उरलं होतं. ते मी परतीसाठी राखून ठेवलं.

*

चाचणीच्या दिवशी पहाटे पाचला नांदेडहून निघालो. गार हवा होती, जाताना मालकांना झोप आली नाही. पूजा, चहा, सगळं तक्त्याप्रमाणं. किल्लारीला दहाला पोचलो. आधीच पोचलेल्या सरांनी शिक्का मारला आणि आमच्या पुढं नांदेडला निघून गेले. डॉक्टर वीस मिनिटं मागं होते आणि त्यांची मॅडम औशालाच उतरून एसटीत बसली होती.

परत निघालो तसं ऊन चढलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला नांगरून तसंच पडलेलं रान, बघायला काही नाही, आणि खाली इंजिनाचा तो एक सूर. औशाच्या अलीकडं मान हलली. मी राखून ठेवलेलं काढलं.

"माझे वडील दवाखान्यात होते," मी म्हणलं. "तीन दिवस मी निरोप पाठवत होते. तुम्ही चौथ्या दिवशी आलात. का?"

हे भांडण मी सव्वीस वर्षांत घरी कधी काढलं नव्हतं. मला वाटलं, हे नांदेडपर्यंत सहज पुरेल.

औसा गेलं. मग मालक म्हणाले, "एका शेतकऱ्याच्या दोन मोटारी होत्या. सोडून येता आलं असतं. मी भ्यालो होतो. मला मरणारं माणूस बघवत न्हाई. तू मला भितरा म्हणशील म्हणून मोटारीचं नाव सांगितलं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. लातूर कधी आलं ते कळलं नाही.

पण हात ठेवून गाडी जागी राहत नाही.

लातूरच्या पुढं मी काय काय काढलं ते सांगायची लाज वाटते. भाजीत मीठ जास्त म्हणता, टॉवेल ओला टाकता, माझ्या भावाला बघून हसत नाही. ते सगळ्याला "हाव" म्हणत गेले. "हाव, चुकलं. हाव, टाकत जाणार न्हाई." भांडायला समोर माणूसच उरला नाही. अहमदपूर आलं, आमचं दुकान मागं गेलं, पाटीवर माझं नाव दिसलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. माळाकोळीच्या पुढं गाडी हळूच डावीकडं सरकली आणि रस्ता सोडून मुरुमावर गेली. मी पाठीत बुक्की मारली. गाडी वर आली. पुढं ट्रॅक्टर चालला होता, त्याची ट्रॉली दोन हातावरून गेली.

घड्याळात दोन. थांबून तोंड धुवावं, दहा मिनिटं टेकावं, तर तीनच्या आत नांदेड होत नव्हतं. वेळ गेली की मालक मोठ्या राईडला एकटे जाणार आणि मी दुकानात बसून टँकर मोजणार. न थांबावं तर दोघांचीही राईड इथंच संपणार. मी ठरवलं, गेली तर गेली. जीव असला तर पुढच्या साली जाऊ. गाडी थांबवा म्हणायला त्यांच्या हेल्मेटवर हात उचलला, टकटक केलं.

आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"अवो."

"हं."

"तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली माझी. लग्न ठरलं तेव्हाची. सव्वीस वर्षं झाली, सांगितलीच न्हाई."

मान अशी ताठ झाली की हेल्मेट माझ्या नाकाला लागलं.

"कोणती?"

"हाय एक."

"कोणती म्हणून राहिलो मी."

"नांदेडला सांगते. समोर बघून चालवा."

लोह्याला ते म्हणाले, "कुणाला माहीत हाय का?" मी म्हणलं, "आईला माहीत होती, ती तर गेली." पुढं एका वळणावर म्हणाले, "चांगली हाय का वाईट?" मी म्हणलं, "ते तुमच्यावर हाय." नांदेडच्या वेशीत सिग्नलला गाडी उभी राहिली, तर पूर्ण मागं वळून माझ्याकडं बघायला लागले. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

सरांच्या शाळेच्या गेटवर पोचलो तेव्हा तीनला आठ मिनिटं कमी होती. सरांनी स्टॉपवॉच दाबलं. रफिकभाई आधीच येऊन बसले होते, ते उठून उभे राहिले. मालक गाडीवरून उतरले. इतक्या रस्त्यानंतर माणूस पाणी मागतो. ते म्हणाले, "आता सांग."

मी हेल्मेट काढलं. केस सारखे केले. पदर झटकला.

"हजार किलोमीटर झाल्यावर," मी म्हणलं.

सर फॉर्म घेऊन आले. चष्मा वर करून म्हणाले, "अप्पा, चाचणी तर झाली. पण खरं सांगतो, तुम्ही एकटे गेलात तर गाडी हलकी राहील, तास-दीड तास वाचेल. तुमच्यावर सोडतो मी. काकूंचं नाव ठेवायचं का काढायचं?"

मालकांनी एकदा माझ्याकडं बघितलं. एकदा सरांकडं.

"सर," ते म्हणाले, "आधी हिला बसवा. पेट्रोल मग टाकू."